गेल्या वर्षीचं तेल

“बाई, बेगीन येवा. मारुतीच्या देवळामागे वानर मेलो. मामंजी न्हावूक गेलेत, येवन उचलतले त्याका.”

फोनवर रसिका होती. कुंभवणं या वाडीची आशा कार्यकर्ती. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून पायात मोजे चढवत होते.

“कोणाला हात लावू देऊ नकोस,” मी म्हटलं.

“मी काय सांगतलंय बाई? घरातली सून मी. तुमी येवा.”

मी मोजे पायजम्यावरून गुडघ्यापर्यंत ओढले, वरून लांब बाह्यांचा पांढरा सदरा घातला, मानेला, हातांना, कानामागे तेल चोळलं, पिशवीत तेलाच्या बाटल्या, रबरी हातमोजे, चिमटा आणि गोचीड मारायच्या पावडरीचं पुडकं टाकलं आणि निघाले. हा माझा त्या मोसमातला रोजचा वेश. वाडीतली पोरं मला बघून ओरडायची, “बाई, आज बॅटिंग की बोलिंग?” सुरुवातीला मी हसायचे. फेब्रुवारी संपेपर्यंत हसणंही जिवावर यायला लागलं होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा नर्स होते, सिंधुदुर्गाच्या अगदी खालच्या टोकाला, जिथून चार डोंगर ओलांडले की गोवा लागतो. मूळची मी कोरेगावकडची. आमच्याकडे गोचीड म्हणजे म्हशीच्या कासेला चिकटणारी, बोराएवढी फुगलेली, ओढून काढली की संपलं. इथली गोचीड तिळाएवढी, पिल्लू असलं तर त्याहून बारीक. चावली तरी कळत नाही. ती वानराला चावते, वानर तापाने मरतं, आणि मेलेलं अंग थंड व्हायला लागलं की ती ऊब शोधत दुसरीकडे चालायला लागते. माणूस तिथे असला तर माणसावर. मग तो ताप माणसाला. जानेवारी ते मे असा त्याचा मोसम, आणि नेमका तोच काजूचा. म्हणजे सगळा गाव रानात.

सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला होता. अंगभर कपडे घाला, फिकट रंगाचे, म्हणजे किडा दिसेल. पायजमा मोज्यात खोचा. सरकारकडून येणारं, गोचीड पळवणारं तेल लावा, घाम आला की पुन्हा लावा. पाचोळ्यावर बूड टेकू नका. गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा, म्हणजे हाच पाचोळा, आणू नका, आणलाच तर टोपली डोक्यावर घेऊ नका. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा, काखेत, जांघेत, केसांत एकमेकांचं अंग तपासा. गोचीड दिसली तर नखाने चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. झोपेतही मी हेच बडबडत असेन.

बाकीच्या पाच वाड्या कुरकुर करत का होईना, ऐकायच्या. कुंभवणं मात्र ऐकत नव्हतं. तिथे त्या वर्षी एकाही घराने तेलाची बाटली घेतली नव्हती. रसिकाने वाटलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी तिच्याच ओसरीवर परत आलेल्या असायच्या. आणि मोसमाच्या पहिल्या दीड महिन्यातच त्या वाडीतले चार जण तापाने पडले होते.

त्याचं कारण सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. रसिकाची सासू, सत्यवतीकाकी, आदल्या वर्षी याच तापाने गेली. आणि ती रोज तेल लावत होती. एक दिवस चुकवला नव्हता तिने.

तीन किलोमीटर चालून मी देवळाशी पोचले तेव्हा वीसेक माणसं जमली होती. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. देवळामागच्या काजूखाली, पाचोळ्यातच, ते वानर बुंध्याला टेकून बसल्या जागीच मेलं होतं. काळं तोंड छातीवर झुकलेलं. कोणीतरी लांबूनच गुलाल टाकला होता, तो खांद्यावर आणि पाचोळ्यावर पडला होता. झेंडूची माळ तयार होती. ओढ्याच्या काठाला दोन जण खड्डा खणत होते.

मेलेलं वानर म्हणजे मारुतीचं रूप. त्याला माणसासारखी माती द्यायची, ही तिथली रीत. ती बऱ्याच गावांत आहे. कुंभवण्यात तिला आणखी एक पुस्ती होती. वानराला तिरडी नाही. मारुतीचा मान धुऱ्यांच्या, म्हणजे रसिकाच्या सासरच्या घराकडे, तर धुऱ्यांच्या कर्त्या पुरुषाने आंघोळ करून, ओल्या पंचाने, उघड्या अंगाने त्याला लेकरासारखं छातीशी धरून खड्ड्यापर्यंत न्यायचं. बाकीच्यांनी वाटेत पाया पडायचं. आणि हे सगळं ऊन माथ्यावर यायच्या आत.

त्या तापाला कुणी आमंत्रण द्यायचं ठरवलं असतं, तर याहून चांगली रीत सापडली नसती.

“सगळे मागे व्हा,” मी म्हटलं. “वीस पावलं मागे. पाचोळ्यात कोणी उभं राहू नका.”

बायका दोन पावलं हलल्या. पुरुषांतला गुणाजी नावाचा उंच माणूस हसला. “इली, टीम इली.”

मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पावडर मारा, कोणाला शिवू देऊ नका, जनावरांच्या दवाखान्यातला माणूस तीन वाजेपर्यंत पोचेल, तो नमुना घेईल. मी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

“तीन वाजेपर्यंत देवाक उन्हात ठेवचो?” गुणाजी म्हणाला. “बाई, तुमच्या घरातला कोण मेला तर तुमी ठेवश्यात?”

तेवढ्यात सगुणकाका आले. सगुण धुरी, रसिकाचे सासरे. साठीचा माणूस, शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला, कमरेला ओला पंचा, छातीवरून पाणी ओघळतंय. कोणाशी बोलले नाहीत. सरळ वानराच्या दिशेने निघाले. मी आडवी झाले.

“काका, थांबा.”

“बाजूक व्हा बाई. माका शिवा नकात. न्हावन इलंय.”

“त्याच्या कानांभोवती बघा. तुम्हाला इथूनसुद्धा दिसतील.”

त्यांनी पाहिलं. कानाच्या कडेला करड्या ठिपक्यांची झालर होती, आणि त्यातले काही ठिपके मानेवरून खाली उतरत होते. रानात जन्म गेलेल्या माणसाला मी काय दाखवणार? त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.

“दिसतत,” ते म्हणाले. “मगे?”

“मग निदान अंगभर कपडे घाला. हातमोजे देते. तेल लावा.”

तेल म्हटल्याबरोबर सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. रसिकाने मान खाली घातली.

“तेल,” काका म्हणाले. आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. “माझ्या बायलेक लावलंय मी ता तेल. रोज सकाळी. रानात जावच्या आदी, आणि दुपारी जेवल्यावर परत. तुमी सांगल्यात तसा. मानेक, हातांक, पायांक. तुमच्याच बाटलीतला. आणि ताप इल्यार बारा दिसांनी तिका ह्याच पंचान झाकून न्हेलंय. आता माका सांगा, काय करू ता तेल? भजी तळू?”

कोणी हसलं नाही.

“काका लावणत नाय,” मागून एक बाई म्हणाली, “तर आमी कित्याक लावूचा? ता वासानाच डोक्या दुखता.”

मी थकले होते. तुम्हाला वाटेल तो थकवा चालण्याचा होता, रोजच्या पंधरा किलोमीटरचा. तो होताच. पण चालून आलेला थकवा रात्री झोपलं की उतरतो. माझा वर्षभर उतरला नव्हता. त्या क्षणी मला मनापासून असं वाटलं की बाजूला व्हावं. उचलू दे. मी सांगितलं होतं, ऐकलं नाही, असं लिहून मोकळं व्हावं. लिहिण्यात मी चांगलीच पटाईत होते.

मी एक पाऊल बाजूला झालेसुद्धा. काका माझ्या शेजारून पुढे गेले. त्यांच्या ओल्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, एक वाळलेलं पान चिकटलं होतं. अनवाणी पाय पाचोळ्यात टेकताच तो करकरला. आणखी चार पावलं, आणि त्यांनी वाकून ते वानर छातीशी धरलं असतं. त्यांच्यामागे वीस माणसं पाया पडायला.

“काका,” मी म्हटलं, “सत्यवतीकाकीचं एक सांगायचंय. आधी ते ऐका. मग उचला, मी अडवणार नाही.”

ते थांबले. वळले. मी देवळाच्या पुढच्या अंगाला, जिथे फरशी होती आणि पाचोळा नव्हता, तिकडे चालायला लागले. ते येतील की नाही, मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. पंचाचं पाणी फरशीवर टपटपलं तेव्हा कळलं, आलेत.

“बोला.”

मी वर्षभर हे बोलायचा सराव केला होता. आंघोळ करताना, भात शिजवताना. त्यात सुरुवातीला कारणं असायची, मग परिस्थिती, मग मुद्दा. तोंडातून निघालं ते उलटंच.

“ते तेल नव्हतं काका.”

“म्हंजे?”

“म्हणजे होतं, पण चौथा हिस्सा. बाकीचं खोबरेल. मी मिसळलं होतं.”

मी बोलत सुटले. आदल्या जानेवारीत एकच खोकं आलं होतं. चाळीस बाटल्या. सहा वाड्या, तीनशेच्या वर माणसं रानात जाणारी. मी वर दोनदा लिहिलं, तिसऱ्यांदा फोन केला. येतंय, येतंय. इकडे बायका पहाटे उपकेंद्राच्या दारात येऊन उभ्या. पहिली अमुक वाडीची, तिला दिली, मग दुसरीला नाही कसं म्हणू? कोणाच्या हातात बाटली द्यायची आणि कोणाला रिकामं पाठवायचं, हे मला ठरवता येईना. म्हणून मी बाजारातून खोबरेल आणि रिकाम्या बाटल्या आणल्या, दार लावून घेतलं आणि चाळीसच्या एकशेसाठ केल्या. वास तेवढाच उग्र राहिला. कोणाला कळलं नाही. मला वाटलं, थोडं का होईना, सगळ्यांच्या अंगाला लागेल. खरं तर मला एवढंच हवं होतं की दारातली रांग संपावी. महिन्याच्या सभेत साहेबांनी सगळ्या नर्सांसमोर माझं कौतुक केलं. शंभर टक्के वाटप. मी उभी राहून नमस्कार केला.

“काकी गेल्यानंतर पंधरा दिवसांनी खरं तेल आलं,” मी म्हटलं. “तीन खोकी. मी कोणालाच सांगितलं नाही. रसिकालाही नाही.”

काका पायरीवर बसले. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि तळव्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते हात माझ्या गळ्यावर येणार. आले असते तर मी हललेही नसते.

“म्हंजे माझो हात चुकलो नाय,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. “काय?”

“दवाखान्यात डागदरान तिका कुशीर केल्यान. गोचीड दाखवल्यान माका. हय, पाठीर, खांद्याच्या हाडाखाली, पोलक्याच्या काठाक लागून. मेलेली. फुगान मेलेली.” त्यांनी हात मागे नेऊन दाखवायचा प्रयत्न केला, पण बोटं तिथवर पोचेनात. “थंय तिचो हात पोचणा नाय. थंय मीच लावी. रोज. माका वाटला, एक दिवस माझो हात थंय फिरलो नाय. घायीत आसतलंय, नायतर बिडयेच्या नादात. वरीसभर आठवतंय मी बाई, खंयचो दिवस तो. एकेक दिवस धरून आठवतंय. सापडणा नाय.”

गेलं वर्षभर माझ्या मनात माझाच गुन्हा होता. हा माणूस तोच गुन्हा स्वतःच्या नावावर घेऊन बसलाय, त्याच तीन किलोमीटरवर, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तेल खोटं आहे म्हणून तो बाटली नाकारत नव्हता. त्याला बाटली हातात धरवत नव्हती.

“ती म्हणायची,” काका म्हणाले, “ह्या खेपेचा तेल मऊ आसा. आंग आग मारणा नाय. बरा आसा, म्हणायची.”

मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला. रडण्याचा मला काय अधिकार होता? तरी रडू आलंच.

काका उठले. त्यांनी माझ्याकडे न बघता हाक मारली, “गुणाजी! सगळ्यांक हयसर घेवन ये. त्या पातेऱ्यात उबे ऱ्हवा नकात.”

माणसं फरशीवर आली. बायका, पुरुष, खड्डा खणणारे दोघे. रसिका सगळ्यात मागे, पदर डोक्यावरून घेतलेला.

“गेल्या वर्साचा तेल खोटा होता,” काका म्हणाले. “ह्या वर्साचा खरा आसा. कोणी खोटा केला, कसा केला, ता बाई सांगतीत. मी सांगूचंय नाय. तेंनी सांगूक व्हया.”

आणि ते बाजूला झाले. मला जागा करून दिली.

मी सांगितलं. कारणं गाळली. चाळीसच्या एकशेसाठ केल्या, खोबरेल घातलं, लपवलं. तीन वाक्यांत झालं. सांगताना मी कोणाकडे बघत नव्हते, पण शेवटी नजर रसिकाकडे गेलीच. तिने त्या बाटल्या स्वतःच्या पिशवीतून घरोघर वाटल्या होत्या. पहिली बाटली सासूला दिली होती, पाया पडून. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मला ओळखायचा प्रयत्न करत होती.

गुणाजीने शिवी दिली. ती मला पुरती लागू होती. एक म्हातारी म्हणाली, हिचं तोंड काळं करा. दोघी-तिघी नुसत्या रडल्या. मी पिशवी उघडून बाटल्या फरशीवर मांडल्या. एकानेही हात पुढे केला नाही. कोण करेल? जिने एकदा फसवलं तिच्याच हातचं तेल.

तेव्हा सगुणकाका पुढे आले आणि माझ्याकडे पाठ करून फरशीवर बसले.

“लावा,” ते म्हणाले. “हाताक पायाक मी लावतंय. थंय पाठीर माझो हात पोचणा नाय.”

मी बाटली उघडली. आधी ते वाळलेलं पान काढून टाकलं. मग खांद्याच्या हाडाखाली तेल चोळलं. ते आग होणारं, उग्र, खरं तेल होतं. त्यांची पाठ शहारली. माझ्यामागे बाटली उचलल्याचा आवाज आला. रसिकाने दुसरी बाटली घेतली होती आणि ती त्या म्हाताऱ्या बाईच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. मग गुणाजी पुढे आला. मग बाकीचे.

मारुतीला माती मिळाली, तीनच्या आतच. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं नाही. माणसं थांबणार नाहीत, एवढं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग नीट तरी करा. वानराभोवती पावडर मारली. काकांनी मुंबईला असलेल्या मुलाची, रसिकाच्या नवऱ्याची, जाड पँट घातली, मोज्यात खोचली, लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे. पोत्यात पावडर टाकून वानर त्यात घेतलं. छातीशी धरायची रीत होती, पण त्यांनी हात लांब करून, तोललं तेवढं अंतर ठेवून नेलं. लोक लांबूनच पाया पडले. माळ खड्ड्यात वरून सोडली. कोणाच्या धर्माला काही झालं नाही.

नंतरचं सगळं नेहमीचं, कंटाळवाणं काम. चुली पेटवून पाणी कढवलं, कपडे त्यात टाकले, सगळ्यांनी साबण लावून अंग धुतलं. मी आणि रसिकाने देवळाच्या ओसरीवर बायकांचे केस, काना-मानेची मुळं, बोटांच्या बेचक्या तपासल्या. दोघींच्या अंगावर गोचीड निघाली, चढलेली पण न चावलेली. रसिका मला पूर्ण वेळ “चिमटा” एवढंच म्हणायची आणि हात पुढे करायची.

निघताना काका वाटेत उभे होते.

“बाई, मी तुमका माफ करूचंय नाय.”

“नका करू.”

“पण उद्या सकाळी येवा. तेल लावूक. झिल मुंबयक आसा, सून लाजता. थंय लावूक घरात दुसरा कोण नाय.”

मी त्याच दिवशी संध्याकाळी वर कळवलं, लिहून, सहीनिशी. चौकशी झाली. पगारवाढ थांबली, पावसाळ्यात बदलीही झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या मोसमात कुंभवण्यात आणखी दोघांना ताप आला, दोघेही उठून चालायला लागले. तिथे पुन्हा कोणी दगावलं नाही.

आणि मी काकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सात वाजता, आणि त्यानंतर रोज, मेअखेर पहिल्या सरी येईपर्यंत. रविवारीही. तीन किलोमीटर जायचं, ओसरीवर काका पाठ करून बसलेले असायचे, शेजारी उघडलेली बाटली. दोन मिनिटांचं काम. रसिका आतून चहा आणून ठेवायची. माझं झालं की काका सदरा घालायचे, कोयती उचलायचे आणि काजूत निघून जायचे. त्या सगळ्या सकाळींत ते माझ्याशी एकही शब्द बोलले नाहीत. मी हाडाखालची ती बोटभर जागा एकदा चोळायचे आणि राहिली असेल म्हणून पुन्हा एकदा चोळायचे.